एका रेघेतली मैफल

लाखेची जुनी तबकडी हाती आली तर तिच्यावर तिरका उजेड घ्या आणि भिंगातून पाहा. वरवर गुळगुळीत दिसणारी खाच आतून नागमोडी असते. डावीकडे, उजवीकडे अशी थरथरत ती पुढे जाते. ती थरथर म्हणजेच गाणं. त्या तबकडीवर दुसरं काहीही नाही.

आणि खाच एकच असते. कडेपासून मध्यापर्यंत वेढे घेत गेलेली एक अखंड वाट. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला सुमारे ३ मिनिटं, म्हणजे २३० हून अधिक वेढे. १० इंची तबकडीवरची ही वाट उलगडून सरळ केली, तर सव्वाशे मीटरच्या आसपास भरेल. कडेला सुई सेकंदाला जवळजवळ एक मीटर वेगानं धावते. सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर तिथे दोन मिलिमीटरांहून थोड्या लांब लाटांत पसरलेला असतो. मध्याजवळ वेढे लहान होतात, सुईखालची वाट हळू सरकते आणि त्याच स्वराची लाट एका मिलिमीटरच्या आत दाटीनं बसते.

पण गाणारा गळा, सारंगी, तबला, शिवाय मागून आलेली दाद, हे सगळं एकाच रेघेत कसं मावतं? मला आजही याचं नवल वाटतं. उत्तर आपल्याच कानात आहे. मैफलीत बसलेल्या रसिकाच्या कानाचा पडदाही एका क्षणी एकाच जागी असू शकतो. सारंगीसाठी वेगळा आणि तबल्यासाठी वेगळा पडदा आपल्याला मिळालेला नाही. सगळ्या ध्वनींची बेरीज हवेतच झालेली असते आणि पडदा त्या बेरजेनुसार आतबाहेर हलतो. आतल्या कानातल्या शंखासारख्या वेटोळ्यात जाड आणि बारीक स्वर आपापल्या जागा हलवतात, आणि मग मेंदू सारंगी इथे, तबला तिथे अशी वाटणी करतो. तबकडी फक्त पडद्याचं हलणं लिहून ठेवते. ऐकण्याचं खरं काम तेव्हाही आपणच करत असतो.

१९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. तोवर हे लिहिण्याला वीजही लागत नव्हती. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचा. कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर खाच कोरायची. एडिसननं १८७७ मध्ये कथलाच्या पत्र्यावर आवाज उमटवून पुन्हा ऐकवला होता, पण त्याच्या नळकांड्यांच्या भराभर नकला काढणं अवघड होतं. १८८७ मध्ये एमिल बर्लिनरनं सपाट तबकडी आणली. मेणावरून धातूचा उलटा साचा घ्यायचा आणि नाणी पाडावीत तशा तबकड्या छापायच्या.

छापायच्या कशावर? इथे आपला किडा येतो. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेचा थर चढवतात आणि त्या काळी जगाला ही लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता. महाभारतातलं लाक्षागृह लाखेचंच. चटकन पेट घेणं हा लाखेचा गुण त्या घराला घातक होता, तबकडीला मात्र उष्णतेनं मऊ होणं हा तिचा दुसरा गुण वरदान ठरला. गरम लाख साच्यातली बारीकशी थरथरही टिपून घेते. तिच्यात दगडाची भुकटी मिसळायचे. त्या खरखरीत भुकटीवर पोलादी सुई झिजून खाचेच्या मापाची व्हायची, म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जाननं गायलेलं गाणं जर्मनीतल्या हानोफरला जाऊन तबकड्यांवर छापलं गेलं आणि बोटीनं परत आलं. गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. तबकडी छापणाऱ्यांना गाणारं कोण ते कळावं म्हणून, असं मानतात.

या सगळ्याच्या आधी पॅरिसमध्ये एदुआर-लेओं स्कॉट द मार्तेंव्हील नावाच्या, छापखान्यात काम केलेल्या माणसानं काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ काढून दाखवली होती. १८५७ मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं. ती रेघ पुन्हा वाजवता येईल, हा विचार त्याच्या यंत्रात नव्हताच. आवाज डोळ्यांनी वाचता यावा, एवढीच त्याची इच्छा. ९ एप्रिल १८६० ला त्यानं एका फ्रेंच लोकगीताची रेघ उमटवली आणि वेळेचं माप कळावं म्हणून शेजारी नादकाट्याच्या कंपनांचीही एक रेघ घेतली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीनं तो कागद वाजवला, तेव्हा एखादी मुलगी गात असावी असं वाटलं. पुढच्याच वर्षी ध्यानात आलं, की नादकाट्याची कंपनं दुप्पट मोजली गेली होती. वेग निम्मा केल्यावर ऐकू आला तो सावकाश गाणारा पुरुषाचा आवाज, बहुधा खुद्द स्कॉटचाच.