डावा हात, उजवी मांडणी

मराठीत ‘उजवा’ हा शब्द केवळ बाजू दाखवत नाही, तो निवाडाही करतो. एखादा माणूस दुसऱ्यापेक्षा उजवा ठरतो, म्हणजे सरस ठरतो. देवाचा कौल उजवा पडला तर कामाला लागायचे, डावा पडला तर थांबायचे. कुणाला मुद्दाम बाजूला सारले तर आपण त्याला ‘डावलले’ म्हणतो. किरकोळ काम हे ‘डाव्या हाताचा मळ’. अपवाद आहे तो गणपतीचा. उजव्या सोंडेचा गणपती कडक मानतात आणि घरच्या देव्हाऱ्यात डाव्या सोंडेचाच बसवतात. भाषेतला हा पक्षपात अभ्यासकांनी पुष्कळ वेळा नोंदवला आहे. तोच पक्षपात संगणकाच्या टेबलावर तारेच्या, बटणाच्या आणि साच्याच्या रूपाने बसलेला असतो, याकडे मात्र कुणी फारसे पाहिलेले नाही. तासन् तास संगणकावर खेळणाऱ्या डावखुऱ्या मुलाचे मनगट दुखू लागले की घरातून पहिले उत्तर येते, “डाव्या हाताने करतोस म्हणून दुखतं.” हे निदान खरे आहे का, हे तपासणे हा या लेखाचा हेतू.

आधी संख्या पाहू. वीस लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात डावखुऱ्यांचे प्रमाण १०.६ टक्के निघाले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार मुले डावखुरी असण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तितकी दिसत नाहीत, कारण जेवताना, देताना-घेताना आणि पाटीवर लिहिताना त्यांतल्या काहींचा हात लहानपणीच बदलवला जातो. आमच्या माहूरला रेणुकामातेचा प्रसाद म्हणून तांबूल मिळतो. विड्याचे पान ज्यात कुटायचे त्या खलबत्त्याला डावे-उजवे नसते. बत्ता कोणत्याही हातात सारखाच बसतो. तांबूल घेताना मात्र हात उजवाच पुढे यावा लागतो. अवजार तटस्थ आणि रीत उजवी, असा हा प्रकार. संगणकाच्या बाबतीत अवजारच उजवे झालेले आहे.

अवजार उजवे असते म्हणजे काय, हे जुन्या उदाहरणांवरून चटकन कळते. बोरूचे टोक तिरपे कापतात. उजव्या हातासाठी घातलेला काप डाव्या हाताला उलटा पडतो. शिंप्याची कात्री डाव्या हातात घेतली की तिची पाती एकमेकांवर दाबली जाण्याऐवजी एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापड कापले न जाता मुडपते. देवनागरीची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे ओढताना उजवा हात लेखणी ओढतो, डाव्याला ती ढकलावी लागते. यांतल्या कुठल्याही ठिकाणी डावा हात दुबळा नाही. वस्तूची मांडणी त्याच्या उलट आहे, एवढेच.

संगणकाची मांडणी कशी ठरत गेली, याचा इतिहास फार जुना नाही. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊसचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक केले. तेव्हा माऊस त्याच्या उजव्या हाताखाली होता आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कळसंच होता. पुढे कळसंच मागे पडला, माऊस उजवीकडेच राहिला. हातात धरून खेळायच्या यंत्रांत दिशेची फुलीच्या आकाराची कळ डाव्या अंगठ्याखाली आणि कृतीची बटणे उजव्याखाली, ही विभागणी निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई याने १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या छोट्या यंत्रात रुळवली. संगणकावर बंदुकीचे खेळ आले तेव्हा माऊस नेम धरण्यासाठी उजव्या हातात गेला. डाव्या हाताला चालण्यासाठी डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळा मिळाल्या. ‘क्वेक’ या खेळाचा १९९७ चा विजेता डेनिस फाँग याच्या अनुकरणाने ही पद्धत जगभर पसरली. आज बहुतेक खेळ याच कळा गृहीत धरून येतात.

पडद्यावरचा हातही बहुमताप्रमाणे बदलतो. निन्टेन्डोच्या ‘झेल्डा’ मालिकेचा नायक लिंक १९८६ पासून डावखुरा होता. २००६ साली ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा खेळ वी या यंत्रावर आला. त्या यंत्राची दांडी हातात धरून तलवारीसारखी हलवायची होती आणि बहुतेक खेळाडू ती उजव्या हातात धरणार होते. म्हणून निर्मात्यांनी सगळा खेळच आरशात पाहावा तसा उलटवला. नकाशे उलटले, पूर्व-पश्चिम उलटली आणि लिंक उजवा झाला. याच्या उलट ‘काउंटर-स्ट्राइक’च्या जुन्या आवृत्त्यांत बंदूक डाव्या हातात घेण्याची सोय होती. दुसऱ्या आवृत्तीत ती सुरुवातीला नव्हती, २०२४ मध्ये परत आली आणि खेळाडूंना आनंद झाला. पण पडद्यावरची बंदूक कोणत्या हातात आहे याने खऱ्या मनगटाला काही फरक पडत नाही. मनगटाचा प्रश्न टेबलावरच सोडवावा लागतो.

आता मनगटाच्या आत काय असते ते पाहू. तळहाताच्या बाजूने मनगटाची हाडे आणि एक चिवट आडवा बंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ स्नायूदोऱ्या आणि एक मध्यवर्ती चेतातंतू जातो. मनगट फार वर, फार खाली किंवा कडेला वाकवून तसेच धरले की बोगद्यातला दाब वाढतो. दोऱ्या सतत घासल्या की त्यांभोवतीची आवरणे सुजतात आणि आधीच कमी असलेली जागा आणखी घटते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळी मात्र सुटते, कारण तिचा चेतातंतू वेगळ्या वाटेने येतो. करंगळीत मुंग्या येत असतील तर बहुधा कोपराकडे पाहावे लागते. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून खेळणाऱ्यांना हा त्रास होतो. तिसरा प्रकार अंगठ्याच्या मुळाचा. तिथल्या दोन दोऱ्यांच्या आवरणाला सूज येते. फ्रिट्झ द केर्व्हाँ या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून तो विकार त्याच्या नावाने ओळखला जातो.

खेळामुळे होणारी ही दुखणी वैद्यकाला नवी नाहीत. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या ख्यातनाम पत्रिकेत १९८१ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळून मनगट दुखल्याचे पत्र छापून आले. १९९० मध्ये त्याच पत्रिकेत पस्तीस वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत आली. सलग पाच तास निन्टेन्डो खेळल्याने तिचा उजवा अंगठा दुखावला होता. २००७ मध्ये वीवर टेनिस खेळून उजवा खांदा दुखावलेल्या एका तरुणाची नोंद झाली. शेवटच्या दोन्ही नोंदींत दुखावलेला अवयव उजव्या बाजूचा आहे. तेव्हा दुखणे डाव्या हाताच्या वाट्याला येते असे नाही, ते राबणाऱ्या हाताच्या वाट्याला येते.

मग हात बदलला तर? या प्रश्नाला इतिहासात दोन उत्तरे आहेत आणि ती शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. पहिले बेर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याचे. कामगारांच्या रोगांवरील त्याच्या ग्रंथाची वाढीव आवृत्ती १७१३ मध्ये निघाली. तीत लेखनिकांच्या दुखण्यांवर एक प्रकरण आहे. बैठी स्थिती, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण ही तीन कारणे तो सांगतो. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात सतत लिहून निकामी झाला. त्याने चिकाटीने डाव्या हाताने लिहायची सवय केली. थोड्याच काळात डाव्या हातालाही तेच दुखणे जडले.

दुसरे उत्तर महात्मा गांधींचे. नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या जहाजावर त्यांनी दहा दिवसांत ‘हिंद स्वराज’ लिहून काढले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. सुमारे पावणेतीनशे पानांपैकी चाळीसेक पाने डाव्या हाताची आहेत. लेखनिकाने हात गेल्यावर बदलला आणि सगळा भार दुसऱ्यावर टाकला. गांधींनी हात जाण्याआधी बदलला आणि पहिल्याला विसावा दिला. सगळा फरक या दोन गोष्टींत आहे.

माहूरच्या परिसरात परशुरामाची कथा सर्वांना ठाऊक आहे. कावडीच्या एका बाजूला पित्याचा देह आणि दुसऱ्या बाजूला माता रेणुका घेऊन तो इथवर आला. कावड चालते ती दोन्ही बाजू तोलल्यामुळे. डावा आणि उजवा यांचा संबंध तसाच आहे. एक श्रेष्ठ आणि दुसरा दुय्यम असा तो नाही, भार वाटून घेणाऱ्यांचा आहे.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येऊ. डावखुऱ्या खेळाडूपुढे दोन सरळ मार्ग असतात. पहिला, माऊस उजव्या हातातच शिकायचा. पुष्कळ डावखुरे असे करतात आणि त्यात गैर काही नाही. डाव्या हातात पेन आणि उजव्यात माऊस ठेवून ते एकाच वेळी दोन कामे करू शकतात. दुसरा, माऊस डावीकडे घ्यायचा. यात एक फायदा आहे, ज्याची जाणीव कमी लोकांना असते. पूर्ण आकाराच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा गठ्ठा असतो. त्यामुळे उजवा माऊस दूर ढकलला जातो आणि खांदा बाहेर ताणला जातो. डावीकडे असा अडथळा नसल्याने माऊस अंगाजवळ राहतो. इथे मांडणीने नकळत डाव्याला झुकते माप दिले आहे.

घातक आहे तो तिसरा, अर्धवट मार्ग. माऊस डावीकडे घेतला, पण कीबोर्ड जागचा हलवला नाही. मग उजवा हात छातीवरून आडवा आणून डब्ल्यू, ए, एस, डीवर ठेवावा लागतो आणि मनगट करंगळीच्या बाजूला मुडपते. किंवा उजव्या तळव्यासाठी घडवलेला माऊस डाव्या हातात धरला, की अंगठ्याला टेकू मिळत नाही आणि बोटे त्याला आवळून धरतात. घरोघरी डावखुऱ्यांचे जे दुखणे दिसते, त्याचे मूळ बहुधा या अर्धवटपणात असते. उपाय साधे आहेत. कीबोर्ड उजवीकडे सरकवावा. चालण्याच्या कळा खेळाच्या सेटिंगमध्ये बदलून बाणांच्या कळांवर, आकड्यांच्या गठ्ठ्यावर किंवा आय, जे, के, एल या कळांवर आणाव्यात. विंडोजमध्ये माऊसचे डावे-उजवे बटण उलटवता येते. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला साधा माऊस घ्यावा. खास डाव्या हाताचे माऊस निघाले आहेत. रेझर कंपनीने २०१० आणि २०१४ मध्ये असे नमुने काढले. पण ते मोजकेच आणि महाग असतात. सारखा माऊस कुठल्याही दुकानात मिळतो.

हात कोणताही असो, पुढचे नियम बदलत नाहीत. कोपर काटकोनाच्या आसपास आणि अंगाजवळ असावे. मनगट हाताच्या रेषेत सरळ असावे, टेबलाच्या धारेवर दाबलेले नसावे. माऊसची गती अशी ठेवावी की मोठी हालचाल कोपरातून होईल आणि मनगटाला फक्त बारीक काम उरेल. खेळ रंगात आला की मूठ आपोआप आवळली जाते. ती सैल आहे का, हे मधूनमधून पाहावे. अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे हात खाली सोडावेत, बोटे उघडझाप करावीत. एक डाव संपून दुसरा सुरू होण्यापूर्वीचा वेळ यासाठी उत्तम.

तालुक्याच्या गावी संगणकावर खेळणारे थोडे, मोबाइलवर खेळणारे अधिक. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, पुढच्या वर्षी तोच खेळ भारतीय नावाने परतला, आणि अंगठ्यांचे काम पुन्हा सुरू झाले. मोबाइलवर डावा अंगठा चालवतो, उजवा नेम धरतो आणि गोळी झाडतो. डावखुऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन गोळीचे बटण आपल्या चांगल्या अंगठ्याखाली आणावे. अशा खेळांत बटणे सरकवता येतात. उताणे झोपून मोबाइल तोंडावर धरू नये. बसून, मांडीवर उशी घेऊन, हातांना खालून आधार द्यावा.

दुखणे विश्रांतीने दोन-तीन आठवड्यांत ओसरले नाही, रात्री मुंग्यांनी जाग येऊ लागली, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसका दिसू लागला, तर घरगुती तेल-मालीश थांबवून डॉक्टरांकडे जावे. चेतातंतू फार काळ दबला तर हाताची शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही.

हा प्रश्न केवळ खेळाचा असता तर ‘खेळ बंद करा’ म्हणून सोडता आला असता. पण आज खेळणारा हात उद्या त्याच टेबलावर पोट भरणार आहे. टंकलेखनाच्या परीक्षा आता संगणकावर होतात. मराठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला दिलेली आहेत, म्हणजे एकेक अक्षर दोन्ही हात मिळून घडवतात. अनेक संगणक प्रशिक्षण केंद्रांत मात्र माऊसची तार टेबलाच्या उजव्या भोकातून आखूड ओढून घेतलेली असते. ती डावीकडे पोहोचतच नाही. त्या खुर्चीवर बसलेले डावखुरे मूल तक्रार करत नाही. पाटीच्या वेळी शिकले तसे तेही निमूट शिकते, आणि पुढे मनगट दुखले की दोष आपल्या हाताला देते.

तो दोष त्या हाताचा नाही. हातभर लांब तार, सरकवता येणारा कीबोर्ड आणि पहिल्या दिवशी शिक्षकांनी विचारलेला एक प्रश्न, “बाळ, तू कोणत्या हाताने लिहितोस?” एवढ्यावर बरेच काही सुधारू शकते.