मळ्यातल्या सात शेळ्या

धार आणि देवासच्या मराठी घरांची कहाणी आपल्या वाचकांना नवीन नाही. अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात आलेली घराणी, देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती, जुने वाडे, थोडीफार जमीन, घरात मराठी आणि दारात मालवी. त्याच घरांतली आमची पिढी आज इंदूर, पुणे, बंगळूरला संगणकासमोर बसते. दिवाळीला सगळे जमले की एक प्रश्न हमखास निघतो: जमिनीचं काय करायचं?

आमच्याकडे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. देवासजवळ बाबांचा आणि काकांचा मिळून सहा बिघ्यांचा मळा आहे. आजूबाजूला प्लॉट पडत चाललेत आणि दलालाचा फोन दर दोन-चार महिन्यांनी येतो. काकांची मुलं पुण्याला, मी इंदूरला सॉफ्टवेअर कंपनीत. बाबा निवृत्त झाल्यावर आई-बाबा मळ्यातल्या घरात राहायला गेले. सोयाबीन आणि गहू बटाईने दिलेला, त्यामुळे रोज उठून करावं असं तिथे काहीच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी दोन शेळ्या आल्या. आज सात आहेत. जमिनीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडेही नाही, पण मळ्यात रोज कुणीतरी असण्याचं कारण मात्र त्यांनी दिलं.

शेळीच का?

कल्पना आईची. तिचं माहेर धारचं, आणि तिच्या लहानपणी वाड्याच्या मागे शेळ्या असायच्या. बाबांना गाय हवी होती. आईचं म्हणणं, साठीनंतर गायीचं शेण-चारा आपल्याच्याने होणार नाही. शेळी कशी, तीस-पस्तीस किलोची, हाताला आवरते. शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणतात ते खोटं नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात जवळजवळ १५ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक अशाच दोन-चारच्या संख्येने लहान घरांत राहतात.

शेळी मुळात गवत चरणारा प्राणी नाही, ती पाला ओरबाडणारी आहे. बांधावरची बोर, बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ, शेवगा हे तिचं खरं जेवण. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती फांदी खाली ओढते, ते बघत आपण अर्धा तास सहज घालवतो. वरून सोयाबीनचा भुसा आणि मूठभर भरडा दिला की झालं. पाणीही गायी-म्हशींच्या मानाने फार कमी लागतं. ज्या देवासला १९९० साली रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तिथे ही लहान गोष्ट नव्हे.

जात कोणती घ्यायची यावर घरात मोठी चर्चा झाली. पुण्याच्या चुलत भावाने उस्मानाबादी सुचवली. काळी, काटक आणि जुळी देण्यात पुढे. बाबांना उंच, लांब कानांची जमनापारी आवडली होती. मामा म्हणाला, “जी इथल्या हवेत वाढली आहे ती घ्या.” मग त्याच्याबरोबर धार जिल्ह्यातल्या एका आठवडी हाटातून दोन गावठी शेळ्या आणल्या. पुढे एक तपकिरी ठिपक्यांची सिरोही आली, ती शेजारच्या राजस्थानची जात. बाकी सगळ्या घरच्याच.

पावसाळ्याची परीक्षा

माळव्याची काळी माती कपाशी-सोयाबीनला चांगली, पण शेळीच्या खुरांना नाही. शेळीला थंडी चालते, ऊन चालते, पण ओल चालत नाही. चिखलात उभी राहिली की खूर सडतात, ओला गारवा बाधला की खोकला सुरू होतो. म्हणून गोठ्यात जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर लाकडी मचाण केलं, दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवून. लेंड्या खाली पडतात, जागा कोरडी राहते, आणि आईच्या मेथी-पालकाला लेंडीखत मिळतं. मोठ्या शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा, एवढा हिशोब पुरतो.

रोगांत सगळ्यात भीती पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीची. ताप, नाकातोंडातून स्राव, जुलाब, आणि बघता बघता कळप रिकामा. हा विषाणू गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. गुरांची बुळकांडी लसीच्या जोरावर जगातून संपली, तशी घोषणा २०११ साली झाली. आता २०३०पर्यंत पीपीआरही संपवायचं जगाने ठरवलं आहे. आपल्याकडची लस एकदा टोचली की निदान तीन वर्षं संरक्षण देते. दुसरी लस आंत्रविषाराची. ती पावसाळ्याआधी टोचून घ्यायची, कारण कोवळा हिरवा चारा अधाशासारखा खाल्ला की हा रोग उचल खातो. प्रत्येक शेळीच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे. आमच्या धंद्यात त्याला प्रायमरी की म्हणतात, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “आमच्या धंद्यात हिला चांदणी म्हणतात.”

कळपाच्या नोंदींसाठी एक ॲप करून देतो म्हटलं, तेव्हाही तिने एका वाक्यात विषय संपवला: “उंटावरून शेळ्या हाकू नकोस, शनिवारी येत जा.” तेव्हापासून शनिवारी सकाळी आम्ही तिघं, मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी, मळ्यात असतो.

दीडशे दिवस

शेळी गाभण राहिली की साधारण दीडशे दिवसांनी विते. आमच्या ऑफिसातली कुठलीही तारीख इतकी भरवशाची नसते. विण्याआधी ती कळपापासून बाजूला होते, पायाने जमीन उकरते, उठबस करते. करडू बाहेर आलं की आई चाटून कोरडं करते, आणि अर्ध्या तासाच्या आत ते चार लटपटत्या पायांवर उभं राहतं. आपण करायचं ते थोडंच: नाक-तोंड पुसायचं, नाळेला आयोडीन लावायचं, आणि पहिल्या तासाभरात चीक पोटात जातो आहे ना ते बघायचं. रोगाशी लढण्याची पहिली शिदोरी त्या चिकातूनच मिळते. म्हणून शेळीच्या चिकाचा खरवस आमच्याकडे होत नाही, तो करडांचाच.

करडं आठवड्याभराची झाली की उड्या सुरू होतात. विटेवरून दगडावर, दगडावरून बाबांच्या खुर्चीवर, तिथून कधीकधी बाबांवर. बाबा कधी कुणाशी फार बोलले नाहीत. आता ते संध्याकाळी गोठ्यासमोर बसून करडांशी मालवीत गप्पा मारतात.

दुधाची गंमत वेगळी. एक शेळी दिवसाला अर्धा ते एक लिटर दूध देते, तेही करडांचा वाटा सोडून. बोकड लांब बांधला आणि भांडी स्वच्छ असली की वास येत नाही. या दुधातले स्निग्धकण गायीच्या दुधापेक्षा बारीक असतात, म्हणून ते पचायला हलकं मानतात. १९१९च्या सुमारास आजारपणात गांधीजींनी कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं दूध सुरू केलं, हे आपण शाळेत वाचलं आहेच. पण दूध उकळूनच प्यायचं, कारण ब्रुसेलोसिससारखे आजार कच्च्या दुधातून माणसाला होतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते आईच्या दुधाऐवजी द्यायचं नाही.

बोकडांचं काय?

आता अवघड भाग. करडांत निम्मे नर निघतात. कळपाला एकच बोकड पुरतो, आणि तोही दोनेक वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर नात्यातच पैदास होते. उरलेल्यांचं काय? बकरी ईदच्या आधी व्यापारी येतात, दात बघतात, भाव करतात.

आमच्या घरी मटण होतं. रविवारी दुकानातून किलोभर आणताना कुणाला काही वाटत नव्हतं. पण गेल्या वर्षी चांदणीचे दोन्ही पाठीराखे विकायची वेळ आली, तेव्हा घरात दोन तट पडले. बायको म्हणाली, मुलीला सांगू की दुसऱ्या शेतावर पाठवले. आई म्हणाली, खोटं सांगायचं नाही, शेळ्या पाळायच्या तर हे त्यातच आलं. शेवटी मुलीला खरं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “मग त्यांना नावं ठेवायची की नाही?” आई म्हणाली, “ठेव. नाव आहे म्हणून तर आपण नीट सांभाळतो.”

‘शेळी जाते जीवानिशी, खाणारा म्हणतो वातड’ ही म्हण मुलीला तेव्हा आईनेच सांगितली. त्यानंतर आमच्या घरी मटण कमी झालं. बंद नाही झालं, पण ताटात काही टाकलं जात नाही. मुलगी अजून खात नाही, आणि तिला कुणी आग्रह करत नाही.

सुरुवात करायची असेल तर

एकच शेळी आणू नका. ती एकटी राहत नाही, ओरडून घर डोक्यावर घेते. दोन आणा. आधी कोरडा गोठा, मग शेळ्या. रोज सकाळ-संध्याकाळ तिथे कोण असणार, हे आधी ठरवा. विकताना अंदाजाने नव्हे, काट्यावर वजन करून विका. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं अनुदान शंभर शेळ्या आणि पाच बोकडांपासून पुढे मिळतं, तेव्हा त्यावर भिस्त ठेवून घरगुती कळप सुरू करू नका. शास्त्रशुद्ध शिकायचं असेल तर मथुरेजवळ मखदूम इथे केंद्रीय बकरी अनुसंधान संस्था आहे, ती प्रशिक्षण देते.

पैशाचं म्हणाल तर आमचा चारा, औषधं आणि लसी निघून थोडं उरतं. आई-बाबांची मजुरी धरली तर तोटाच. ते थोडं उरलेलं मुलीच्या नावाने पोस्टात जातं.

गेल्या दिवाळीला काका आणि चुलत भाऊ मळ्यात आले होते. जमिनीचा विषय निघायच्या बेतात होता, तेवढ्यात सिरोही विण्याच्या खुणा दाखवू लागली आणि सगळे गोठ्याकडे धावले. रात्री दीड वाजता दोन करडं झाली, दोन्ही माद्या. पुण्याच्या भावाने निघताना विचारलं, यांतली एक माझी म्हणायची का? जमिनीचा निर्णय पुढच्या दिवाळीवर गेला आहे. तोवर त्याची पाठ आमच्याच गोठ्यात वाढते आहे, आणि तो दर रविवारी तिचा फोटो मागतो.