इलेक्ट्रिक गिटार घेताना

ताथवड्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपास खोली करून राहणाऱ्यांनी 20-25 हजारांचं बजेट एकट्या गिटारवर उडवू नये. अ‍ॅम्प, केबल आणि सेटअपसाठी पाच-सहा हजार बाजूला ठेवावेत. यामाहा पॅसिफिका, स्क्वायर, कॉर्ट ही भरवशाची नावं. दुकानात आधी बारावा फ्रेट तपासा: तिथला हार्मोनिक आणि तार दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. फ्रेटच्या कडा बोटांना टोचल्या तर गिटार खाली ठेवा, रंग कितीही देखणा असो. सिंगल कॉइल पिकअप आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघर पकडतो. ती मारायलाच गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये हम्बकर बनवला. आणि हो, भिंतीपलीकडे शेजारी असतील तर हेडफोनची सोय असलेलाच अ‍ॅम्प घ्या.