बार हाउसचा व्हरांडा

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानला आले आणि मागोमाग साहेबलोकांचे बंगले उभे राहिले. कॅप्टन बार यांचं ‘बार हाउस’ हे त्या सुरुवातीच्या बंगल्यांपैकी एक. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं हे घर पुढे ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’ नावाचं हॉटेल झालं. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे दोन दिवस राहिलो.

दस्तुरी नाक्यापुढे आपली गाडी नेता येत नाही. सामान हमालाकडे देऊन लाल मातीच्या वाटेने चालत निघायचं. बंगल्यात उंच छत आणि नावाला जागणारा लांबरुंद व्हरांडा. त्यामुळे खोल्यांवर थेट ऊन येत नाही, वारा मात्र खेळत राहतो. चहाबरोबरच्या बिस्किटांवर तेवढं लक्ष ठेवायचं, माकडं टपलेलीच असतात.

आईला तिथे आमचं बेळगावचं घर आठवलं. आजी गेल्यापासून त्याला कुलूप आहे. काका म्हणतात, विकून टाकू. आईचा जीव होत नाही. पण बंद घर पावसाळ्यागणिक खचत जातं. बार हाउसमध्ये पाहुणे येतात, चूल पेटते, गळती वेळेवर कळते आणि दुरुस्तीला पैसाही मिळतो.

विकणं आणि कुलूप लावणं याशिवाय तिसरी वाटही असू शकते. गणपतीत सगळी भावंडं जमतील, तेव्हा दोन खोल्या, न्हाणीघर आणि कौलं यांच्या खर्चाचा हिशेब मी मांडणार आहे.