उलटा रेटा : वेगातली जेट बोट थांबते कशी

वेगात असलेली जेट बोट थांबवण्याचे मुख्य साधन म्हणजे उलटा रेटा. ज्या पाण्याच्या झोताने बोट पुढे ढकलली जाते, तोच झोत वळवून तिला रोखले जाते. त्यासाठी इंजिन उलटे फिरवावे लागत नाही की गिअर बदलावा लागत नाही. नोझलमधून मागे जाणाऱ्या पाण्यासमोर एक वक्र झडप खाली येते आणि पाण्याला तळाखालून पुढच्या बाजूला वळवते. या झडपेला ‘बकेट’ म्हणतात. झोताची दिशा फिरली की बोटीवरचा रेटाही फिरतो. ही कृती क्षणभरात होते. मात्र ती सुरक्षितपणे करायची, तर या यंत्राचा एक मूळ नियम ध्यानात ठेवावा लागतो : जेट बोटीला थांबायलाही इंजिनाचा जोर लागतो.

नदीतून आलेले यंत्र

पाणी मागे फेकून नाव पुढे न्यायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जेम्स रम्से याने १७८७ मध्ये पोटोमॅक नदीवर वाफेच्या पंपाने चालणारी अशी नाव चालवून दाखवली होती. पण आजच्या जेट बोटीचा घाट घडला तो न्यूझीलंडमध्ये. विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) हे तिथल्या दक्षिण बेटावरच्या मॅकेन्झी भागात ‘आयरिशमन क्रीक’ नावाचे मेंढपाळीचे कुरण चालवत आणि त्याच जागी यंत्रेही बनवत. या भागातल्या नद्या डोंगरातून वेगाने उतरतात, रुंद पात्रात अनेक धारांत विभागतात, आणि पुष्कळ ठिकाणी खडीवरून जेमतेम घोटाभर पाणी वाहत असते. तिथे पंख्याची बोट नेली तर पंखा दगडावर आपटून मोडतो.

हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका अमेरिकी पद्धतीच्या जेटपासून प्रयोग सुरू केले. त्या जेटमधले पाणी बोटीच्या तळाखाली सोडले जाई. हॅमिल्टन यांनी नोझल पाण्याच्या पातळीच्या वर, पिछाडीतून बाहेर काढले. तळाखाली काहीही लोंबते राहिले नाही, आणि बोटीचा वेगही चांगलाच वाढला. पुढे १९६० मध्ये हॅमिल्टन यांच्या जेट बोटींनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध प्रवास पूर्ण केला. १९७४ मध्ये हॅमिल्टन यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

या बोटींचा भारताशी ठळक संबंध आला तो १९७७ मध्ये. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी ‘समुद्राकडून आकाशाकडे’ अशी मोहीम आखली आणि तीन जेट बोटी घेऊन बंगालच्या उपसागरापासून गंगेतून वर प्रवास केला. ‘गंगा’, ‘कीवी’ आणि ‘एअर इंडिया’ अशी त्या बोटींची नावे होती. हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन हे चालकांपैकी एक होते. हिमालयातल्या खळाळत्या धारांतून चढत गेलेल्या या बोटी नंदप्रयागजवळ एका धबधब्यापाशी थांबल्या. तिथून पुढचा प्रवास पायी झाला.

रचना आणि बकेट

वॉटरजेट म्हणजे बोटीच्या पिछाडीत बसवलेला पंप. तळाला सपाट बसवलेल्या जाळीतून पाणी आत येते. इंजिनाने फिरणारे इंपेलर त्याला जोर देते. इंपेलरमागच्या स्थिर पात्यांमुळे पाण्याचा भोवरा मोडतो आणि अरुंद होत जाणाऱ्या नोझलमधून झोत वेगाने मागे सुटतो. सुकाणूचे पाते वेगळे नसते. नोझलच्या तोंडाशी असलेला भाग डावी-उजवीकडे वळवून झोत तिरका केला जातो आणि बोट वळते.

बकेट या सर्वांच्या मागे बिजागरीवर बसवलेली असते. ती वर असताना झोत मोकळा जातो. पूर्ण खाली आली की सगळे पाणी पुढे आणि खाली वळते. निम्मी खाली असताना काही पाणी मागे जाते, काही पुढे, आणि दोन्ही रेटे एकमेकांना तोलतात. त्या स्थितीत इंजिन चालू असूनही बोट जागच्या जागी राहते. वेगळा न्यूट्रल गिअर नसलेल्या जेट बोटीत न्यूट्रलचे काम या मधल्या स्थितीने होते. सुधारित रचनेत बकेटच्या आत दोन वाटा असतात. वळवलेले पाणी त्यांतून दोन बाजूंना विभागले जाते, त्यामुळे उलट्या रेट्यातही बोट वळवता येते.

लहान बोटींत बकेट दांडी व तारेने हलते, मोठ्या बोटींत हायड्रॉलिक दाबाने. बोट उभी असताना पूर्ण उलटा रेटा पुढच्या रेट्याच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत भरतो. उरलेला जोर पाणी वळवण्यात आणि खाली ढकलण्यात जातो.

वेगात ब्रेक अधिक जोरदार का

बोट जितकी वेगात, तितका हा ब्रेक जोरदार लागतो. कारण रेटा दोन गोष्टींवर ठरतो : दर सेकंदाला किती पाणी पंपातून जाते, आणि त्या पाण्याच्या वेगात किती बदल होतो.

उदाहरणादाखल १,५०० किलोची बोट सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात आहे असे समजू. पंपातून सेकंदाला २०० किलो पाणी जाते आणि बोटीच्या संदर्भात झोताचा वेग सेकंदाला ३० मीटर आहे. पाणी २० च्या वेगाने आत येते आणि ३० च्या वेगाने मागे जाते. फरक १० चा, म्हणून पुढचा रेटा २,००० न्यूटन. एकसारख्या वेगात पाण्याचा विरोधही तेवढाच असतो.

आता बकेट खाली आली आणि झोत पुढच्या बाजूला ४५ अंश खाली वळला. आत येणाऱ्या पाण्याचा २० चा वेग आधी पूर्ण थोपवावा लागतो, आणि वर त्याला पुढच्या दिशेने सुमारे २१ चा वेग द्यावा लागतो. एकूण बदल ४१ चा, म्हणून उलटा रेटा सुमारे ८,२०० न्यूटन. त्यात पाण्याचा विरोध मिळवला की रोखणारे बल १०,००० न्यूटनच्या वर जाते. हीच बोट उभी असती, तर तेवढ्याच पाण्यातून फक्त ४,२०० न्यूटनच्या आसपास उलटा रेटा मिळाला असता.

बकेटमधल्या घर्षणामुळे प्रत्यक्ष आकडे यापेक्षा कमी भरतात, पण प्रमाण हेच राहते. पहिल्या क्षणी बोटीचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरहून अधिक दराने घटू पाहतो. बेसावध प्रवासी आसनावरून पुढे फेकला जायला एवढा धक्का पुरेसा आहे.

नाळ खाली, पिछाडी वर

वळवलेला झोत केवळ पुढे जात नाही, खालीही जातो. वरच्या उदाहरणात खाली जाणाऱ्या पाण्यामुळे पिछाडीवर वरच्या दिशेने ४,२०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४३० किलो वजनाइतके बल येते. पिछाडी उचलली जाते आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्यात दबते. वेग जास्त असेल तर नाळ पाण्यात घुसून पाणी आत येऊ शकते, किंवा बोट एका बाजूला गर्रकन फिरते.

दुसरी अडचण पंपाची. पुढे सोडलेले फेसाळ पाणी तळाखालूनच जाते आणि त्यातली हवा पुन्हा जाळीतून आत ओढली जाऊ शकते. इंपेलरला हवा लागली की इंजिनाचा आवाज चढतो, पण रेटा पडतो. उथळ जागी हाच झोत तळाची वाळू आणि खडी उधळतो. ती पंपात गेली की पाती झिजतात.

तिसरी अडचण मागून येते. वेगात जाताना बोटीने उठवलेली लाट तिच्या पाठोपाठ येत असते. बोट एकाएकी थांबली की ती लाट पिछाडीवर आदळते, आणि उघड्या पिछाडीच्या लहान बोटीत पाणी भरते.

थांबवण्याची रीत

म्हणून नेहमीच्या थांबण्यात क्रम पाळला जातो. आधी थ्रॉटल कमी करायचा. पृष्ठभागावरून सरकत असलेली बोट पाण्यात बसू द्यायची. मग बकेट खाली घ्यायची आणि त्यानंतरच थ्रॉटल हळूहळू वाढवायचा. भर वेगात, पूर्ण थ्रॉटलवर बकेट पाडली तर धक्का बोटीला बसतोच, शिवाय बिजागऱ्या, दांड्या आणि तारांवरही मोठा ताण येतो. समोर अचानक अडथळा आला, तरी क्रम हाच राहतो. फक्त तो झपाट्याने करायचा असतो आणि प्रवाशांना आधी सावध करायचे असते.

थ्रॉटल पूर्ण सोडून देणे हा सर्वांत घातक प्रमाद. झोत बंद पडला की ब्रेक जातो आणि त्याच्यासोबत सुकाणूही जाते. अडथळा दिसताच घाबरून थ्रॉटल सोडणारा नवखा चालक चाक कितीही फिरवो, बोट त्याच रेषेत पुढे जात राहते.

अडथळा एकदम समोर आला, तर जेट बोटीचे चालक आणखी एक उपाय वापरतात. त्याला ‘हॅमिल्टन टर्न’ म्हणतात. चाक एका बाजूला पूर्ण वळवून झोताच्या जोराने पिछाडी झटकन फिरवायची. बोट आडवी होते, सगळा तळ पाण्याला आडवा लागतो आणि वेग झपाट्याने उतरतो. न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनजवळ शॉटओव्हर नदीवर १९६५ पासून चालणाऱ्या पर्यटक बोटींत बोट जागच्या जागी गोल फिरवण्याचा जो खेळ दाखवतात, तो याच कौशल्यातून आला आहे.

नदीत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाण्याच्या मानाने थांबलेली बोट काठाच्या मानाने थांबलेली नसते. प्रवाह सेकंदाला ३ मीटर असेल, तर ‘थांबलेली’ बोट ताशी जवळजवळ ११ किलोमीटरने खडकाकडे वाहत जाते. म्हणून प्रवाहासोबत उतरणारा चालक नाळ वरच्या अंगाला फिरवतो आणि पुढच्या रेट्यानेच बोट रोखून धरतो. दुसरी गोष्ट खोलीची. वेगात सरकणारी बोट काही इंच पाण्यावरून जाते, पण थांबताच ती पाण्यात बसते आणि तिला अधिक खोली लागते. उथळ खडीवर थांबणे म्हणजे तळ टेकवणे. थांबायचे कुठे, हे त्यामुळे आधी ठरवावे लागते.

स्कूटरपासून गस्तनौकेपर्यंत

एक-दोन माणसांच्या वॉटर स्कूटरला बरीच वर्षे ब्रेक नव्हताच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ च्या अभ्यासात थ्रॉटल सोडल्यावर सुकाणू निकामी होण्याच्या धोक्याकडे लक्ष वेधले. २००९ च्या ‘सी-डू’ स्कूटरवर हँडलच्या डाव्या बाजूला ब्रेकची दांडी आली. ती दाबली की संगणक वेग पाहून बकेट खाली घेतो आणि इंजिनाचा जोर स्वतः ठरवतो. ‘यामाहा’नेही पुढे असाच मार्ग स्वीकारला. अनुभवी चालकाच्या हातातला क्रम अशा रीतीने यंत्राच्या हाती आला.

मोठ्या नौकांत तत्त्व हेच असते. गोवा शिपयार्डने बांधलेली आणि २००२ मध्ये तटरक्षक दलात आलेली ‘सरोजिनी नायडू’ ही गस्तनौका, तसेच २००९ पासून नौदलात आलेल्या ‘कार निकोबार’ वर्गाच्या नौका तीन-तीन वॉटरजेटवर चालतात. एकाहून अधिक जेट असले की एकाची बकेट वर आणि दुसऱ्याची खाली ठेवून नौका जागीच फिरवता येते. झोत तिरके करून तिला धक्क्याकडे आडवीही सरकवता येते. पाठलाग, अडवणूक आणि उथळ किनाऱ्यावरची गस्त या कामांत वेग जितका लागतो, तितकेच हे नियंत्रणही लागते.

उलट्या रेट्याची मर्यादाही याच रचनेत आहे. इंजिन बंद पडले, जाळीत शेवाळ अडकले किंवा पंपाला हवा लागली, तर तो मिळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी बकेट वर-खाली करून पाहणे, जाळी साफ ठेवणे, तारा आणि हायड्रॉलिक तेल तपासणे, आणि अडथळ्यापासून पुरेसे अंतर राखणे हे जेट बोट चालवण्याच्या शिक्षणातले पहिले पाठ आहेत.