कीड-सर्वेक्षण, कपाशीवरील
शेतातील कीटकांच्या जाती, त्यांची संख्या व त्यांपासून पिकाला होणारी इजा यांची ठराविक काळाने पद्धतशीर नोंद घेण्याला कीड-सर्वेक्षण म्हणतात. फवारणी करावी की नाही व केव्हा करावी, हे या नोंदींवरून ठरविता येते. कपाशीवर मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडी आणि ठिपक्यांची, अमेरिकन व गुलाबी या बोंडअळ्या आढळतात. ढालकिडे, क्रायसोपा, कोळी इ. त्यांचे भक्षकही शेतात असतात. त्यांची मोजदाद न करता केलेले सर्वेक्षण अपुरे समजावे. कारण भक्षक पुरेसे असल्यास फवारणी पुष्कळदा लांबणीवर टाकता येते.

पद्धती : शेतात विखुरलेली झाडे निवडून प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील एकेक पान उलटून त्यावरील किडी मोजतात. पानामागे सरासरी २ ते ३ तुडतुडे किंवा १० फुलकिडे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानतात. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, निशाचर पतंगांसाठी प्रकाश सापळे व गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात. मात्र कामगंध सापळ्यात एकाच जातीचे नर येतात. प्रकाश सापळ्यात चांदण्या रात्री पतंग कमी सापडतात. म्हणून ते शेतात कमी झाले असे नव्हे.

गुलाबी बोंडअळी (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) : हिची लहान अळी कळीत वा कोवळ्या बोंडात शिरते, तिचे प्रवेशछिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पतंग आढळणे हा इशारा होय. खरा पडताळा मात्र हिरवी बोंडे फोडूनच मिळतो. २० पैकी २ बोंडांत अळी आढळल्यास उपाय योजतात. हे काम वेळखाऊ आहे व त्यात बोंडेही वाया जातात, त्यामुळे ते सर्रास टाळले जाते. वेचणीच्या वेळी किडकी बोंडे दिसू लागतात, तेव्हा उपायाची वेळ टळून गेलेली असते.

किडींमधील बदल : भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली. त्यानंतर अमेरिकन बोंडअळीचा उपद्रव घटला. पण रस शोषणाऱ्या किडींचे महत्त्व वाढले आणि पूर्वी फारसा न आढळणारा पिठ्या ढेकूण (फिनॅकॉकस सोलेनॉप्सिस) उपद्रवी ठरला. गुलाबी बोंडअळीत बीटी प्रथिनांविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण झाली व २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिने पिकाची मोठी हानी केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मरण पावले.

सोयाबीनवर २००८ मध्ये पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर महाराष्ट्रात २००९-१० पासून क्रॉपसॅप हा सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठाऊक असलेल्या किडींचेच रकाने भरत गेल्यास नव्या किडीची नोंद होत नाही, हा अशा सर्वच तक्त्यांचा दोष होय. त्यामुळे अनोळखी कीटक अल्कोहॉलात जतन करून, ठिकाण, तारीख व पीक यांची चिठ्ठी जोडून, ओळख पटविण्यासाठी कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठविणे इष्ट असते.