ड्रमच्या आत काय चाललंय?

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून चार दिवस उभी ठेवलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, की मागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि मगच चाकं सुटतात. मागचा ड्रम बिडाचा असतो. ओलाव्यानं त्याच्या आतल्या बाजूला गंज धरतो आणि त्यावर दाबून बसलेला ब्रेक शू तिथेच चिकटतो. एवढा आवाज सोडला, तर आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. पुढच्या डिस्कचे पॅड चाकाच्या फटीतून डोकावून पाहता येतात, ड्रम मात्र उघडावाच लागतो. म्हणूनच त्याची हेळसांड होते आणि ती मला फार खटकते.

लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये आणलेली ही रचना आजही टिकून आहे, ती एका सुंदर युक्तीमुळे. हातातली काठी पुढे तिरकी टेकवून चालायला लागा, ती जमिनीत रुतते. तीच मागे ओढत नेली तर नुसती घसरत येते. ड्रममध्ये व्हील सिलेंडर दोन्ही शू बाहेर ढकलतो. त्यातला पुढचा शू रुतणाऱ्या काठीसारखा वागतो. फिरता ड्रमच त्याला आणखी घट्ट ओढून घेतो, त्यामुळे पायाच्या थोड्या जोरावर मोठी पकड मिळते. मागच्या शूला ही मदत मिळत नाही.

म्हणून पुढच्या शूचा लायनर जास्त झिजलेला दिसला तर घाबरू नये, ते ठीकच आहे. पण एका चाकाचे शू झिजलेले आणि दुसऱ्याचे जवळजवळ कोरे असतील, तर कुठेतरी सिलेंडर, केबल किंवा अ‍ॅडजस्टर अडकला आहे. व्हील सिलेंडरचं रबर जरा उचलून बघा. आत ओल म्हणजे ब्रेक ऑइलची गळती. ते तेल लायनरवर गेलं असेल तर शू घासूनपुसून वापरू नका, दोन्ही चाकांचे शू बदला. ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल, तो आकडा ओतलेला असतो. झीज त्यापुढे गेली असेल तर नवाच ड्रम घ्यावा.

आतली काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि आजची धूळही फुप्फुसात जाऊ देण्याजोगी नाहीच. ब्रेक क्लीनरनं ओली करून पुसावी. काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली स्टँड हवाच. एका वेळी एकच चाक उघडावं, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठे हे विसरलं तर दुसरं चाक नमुन्याला असतं.

शेवटी ड्रम बसवून चाक हातानं फिरवा. हलकंसं घासल्याचा आवाज आला, चाक अडलं नाही आणि हँडब्रेक पूर्वीपेक्षा कमी खटक्यांत लागला, तर जोडणी बरोबर झाली.